सोबत : वरीलप्रमाणे

कचेरीतल्या मराठी पत्राच्या तळाशी 'सोबत : वरीलप्रमाणे' असं लिहायची पद्धत आहे. पत्राला टाचणीने काही कागद लावलेत, ते बघून घ्या, एवढाच त्याचा अर्थ. टाचणी लावणं ही इतकी साधी गोष्ट आहे की तिलाही काही इतिहास असेल असं कुणाच्या मनात येत नाही. ईमेलच्या टाचणीला मात्र आहे. रे टॉमलिन्सन यांनी एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर पहिला निरोप धाडला १९७१ साली. त्या निरोपाला कुठल्याही प्रकारची फाईल जोडता यावी याची सगळ्यांना चालणारी रीत ठरली १९९२ साली. मधली एकवीस वर्षं लोक काय करत होते, आणि शेवटी जे ठरलं ते तसंच का ठरलं, हे आज लिहायचा विचार आहे.

निमित्त आमच्या वहिनींचं. त्यांना सोसायटीच्या जुन्या कागदपत्रांचे स्कॅन वकिलांना पाठवायचे होते. आउटलुकमध्ये नवं पत्र उघडलं की संदेशाचा फॉरमॅट निवडायला तीन पर्याय मिळतात : एचटीएमएल, प्लेन टेक्स्ट आणि रिच टेक्स्ट. वहिनींचा फोन आला, "भावजी, यातलं कुठलं निवडू? आणि मजकूर तोच, फाईल तीच, मग फरक काय पडतो?" मी म्हणालो, "पहिल्या दोन्हींतलं कुठलंही चालेल, तिसरं नको." काम झालं. पण 'फरक काय पडतो' हा प्रश्न चांगला होता आणि त्याचं उत्तर फोनवर मावण्यासारखं नव्हतं. तर मंडळी, हे ते उत्तर.

ईमेलचे मूळ नियम १९८२ च्या ऑगस्टमधले. पत्र पोचवायचं कसं हे जॉन पोस्टेल यांनी लिहिलं (आरएफसी ८२१) आणि पत्र दिसायला कसं असावं हे डेव्हिड क्रॉकर यांनी (आरएफसी ८२२). त्यांच्या डोळ्यांपुढे ईमेल म्हणजे पोस्टकार्ड होतं. त्यावर फक्त अक्षरं लिहायची, आणि अक्षरं म्हणजे आस्कीतली १२८ चिन्हं : इंग्रजी लिपी, आकडे, विरामचिन्हं आणि यंत्रासाठी काही सूचना. १२८ चिन्हांना सात बिट पुरतात. त्यामुळे वाटेतल्या मशीनांना आठवा बिट जपण्याचं बंधनच नव्हतं, आणि काही मशीनं तो सरळ पुसून टाकत. एका ओळीत हजारापेक्षा जास्त अक्षरं नकोत असाही नियम होता. पेटीत नवं पत्र कुठे सुरू झालं हे काही यंत्रणा ओळीच्या सुरुवातीच्या 'फ्रॉम' या शब्दावरून ओळखत, म्हणून तुमच्याच मजकुरात एखादी ओळ 'फ्रॉम'ने सुरू झाली तर त्या तिच्यापुढे बाणासारखी एक खूण चिकटवून मोकळ्या होत. माणसाला ती खूण दिसली तर तो दुर्लक्ष करून पुढे वाचतो. पण फोटोतला प्रत्येक बिट महत्त्वाचा. अशा रस्त्यावरून फोटो जसाच्या तसा पाठवला तर पलीकडे पोचतो तो चुरा.

उपाय लोकांनी आधीच शोधला होता. फोटो पाठवायचाच नाही. फोटोला अक्षरांचं सोंग द्यायचं आणि ती अक्षरं पाठवायची. मेरी अॅन हॉर्टन यांनी बर्कलेमध्ये १९८० साली 'यूयूएनकोड' हा प्रोग्राम लिहिला तो यासाठीच. कोणत्याही फाईलचे तीन बाइट घ्यायचे, त्यातले २४ बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटायचे, आणि प्रत्येक गटासाठी एक छापता येण्याजोगं चिन्ह लिहायचं. तीन बाइटांची चार अक्षरं. वर 'बिगिन' आणि फाईलचं नाव, खाली 'एंड'. प्रत्येक भरलेली ओळ 'एम' या अक्षराने सुरू होते, कारण ओळीत ४५ बाइट आहेत हे सांगायचं चिन्ह त्या हिशेबात 'एम' येतं. ज्यांनी त्या काळात ईमेल वापरलं त्यांना पडद्याच्या डाव्या कडेची ती 'एम'ची सरळ रांग नक्की आठवत असेल. ती दिसली की समजायचं, हे वाचायचं नाही, सोडवायचं आहे. मग पत्राचा मजकूर वेगळा काढा, 'इथे कापा' अशी कात्रीची खूण असेल तिथून खालचा भाग सेव्ह करा, तो उलटा फिरवा. मॅकवाल्यांची याच धर्तीची स्वतंत्र रीत होती, तिचं नाव बिनहेक्स.

यूयूएनकोडमध्ये दोन उणिवा होत्या. एक म्हणजे त्याने निवडलेली काही चिन्हं सगळ्या वाटांवर टिकत नसत. आयबीएमची मोठी मशीनं आस्की वापरत नसत, त्यांची एबसिडिक नावाची वेगळी वर्णमाला होती, आणि विद्यापीठांचं बिटनेट हे जाळं बरंचसं त्याच मशीनांवर उभं होतं. पत्र या वर्णमालेतून त्या वर्णमालेत आणि परत असं गेलं की काही विरामचिन्हं बदलून जायची, आणि एक चिन्ह बदललं तरी फाईल गेली. दुसरी उणीव मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या गाठोड्यावर आत काय आहे हे लिहिलेलं नसे. नुसतं फाईलचं नाव. चित्र आहे, आवाज आहे, की प्रोग्राम, हे नावावरून ताडायचं.

याच्या अगदी उलट टोकाला एक्स.४०० होतं. १९८४ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार मंडळींनी ठरवलेली ती टपालव्यवस्था मुळातच सगळ्या प्रकारचा माल वाहून नेण्यासाठी आखलेली होती. कागदावर ती ईमेलपेक्षा खूप शहाणी. पण तिचा पत्ता लिहायचा म्हणजे देश, प्रशासन, संस्था, आडनाव असे रकाने भरत बसायचं, जणू रेशनकार्डाचा अर्जच! आणि ती हवी तर वाटेतली यंत्रणा नवी उभारायला हवी. असो.

आता १९९२. नाथानिएल बोरेनस्टाइन न्यू जर्सीत बेलकोअर या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेत होते. त्याआधी कार्नेगी मेलनमध्ये त्यांनी चित्रं-आवाजवाल्या टपालावर काम केलेलं होतं. नेड फ्रीड कॅलिफोर्नियात इनोसॉफ्टमध्ये होते, आणि एका प्रकारच्या टपालातून दुसऱ्या प्रकारच्या टपालात पत्रं नेणारे पूल बांधणं हा त्यांचा धंदा. एकाला पत्रातून गाणं पाठवायचं होतं, दुसऱ्याला पुलावर पत्रं सांडायला नको होती. या दोघांनी मिळून जे लिहिलं ते माईम. ११ मार्च १९९२ ला बोरेनस्टाइन यांनी शंभरावर लोकांना एक पत्र पाठवलं. त्याला 'टेलिफोन कॉर्ड्स' या आपल्या चौघांच्या गायनमंडळाचा फोटो आणि त्यांनी गायलेल्या एका जुन्या गाण्याच्या विडंबनाचं ध्वनिमुद्रण जोडलेलं होतं. लोक त्यांना विचारायचे, ईमेलमधून फोटो कशाला पाठवायचा? त्यावर ते म्हणत की पुढे मला नातवंडं होतील, त्यांचे फोटो मला ईमेलने यायला हवेत. (आमच्या घरातल्या सगळ्या आजी-आजोबांनी या माणसाला हात जोडावेत.) जून १९९२ मध्ये आरएफसी १३४१ प्रसिद्ध झालं आणि १९९६ च्या नोव्हेंबरात ते सुधारून आज वापरात असलेल्या रूपात आलं.

या लेखात मला सगळ्यात कौतुक आहे ते पुढच्या गोष्टीचं. त्यांनी वाटेतल्या एकाही मशीनला बदलायला सांगितलं नाही. माझ्या लहानपणी पार्सल पाठवायचं तर आधी मांजरपाटात शिवून घ्यायचं, सुतळीच्या गाठीवर लाख लावायची. आत चिवडा आहे की पुस्तक, पोस्टाला देणंघेणं नाही. बाहेरून कापड दिसलं की झालं. माईमने तेच केलं. सगळा माल जुन्या पोस्टकार्डाच्या नियमांत बसेल अशा अक्षरांत शिवून द्यायचा, आणि शिवण उसवायची फक्त शेवटच्या माणसाने. त्याच्याकडे नवा प्रोग्राम नसेल तर? त्याचीही काळजी घेतलेली. दोन भागांच्या सीमारेषेच्या आधी थोडी जागा सोडलेली आहे, जिथला मजकूर नव्या प्रोग्रामला दाखवायचाच नसतो. 'हे अनेक भागांचं माईम पत्र आहे' अशी सूचना तिथे लिहितात. ती वाचतो फक्त तो, ज्याच्याकडे माईम नाही. एकच पत्र साधं आणि सजवलेलं अशा दोन रूपांत पाठवायचं असेल तर साधं आधी ठेवायचं, म्हणजे जुन्या मशीनवाल्याला निदान सुरुवातीला वाचता येण्यासारखं काही सापडेल. ज्याच्याकडे कमी आहे त्याचा विचार नियमातच करून ठेवलेला असणं हे संगणकाच्या जगात फारसं पाहायला मिळत नाही.

शिवायचा दोरा म्हणजे बेस-६४. ही पद्धत गोपनीय ईमेलच्या कामातून घेतलेली, त्या कामाची सुरुवात १९८७ ची. युक्ती यूयूएनकोडचीच, तीन बाइटांची चार अक्षरं, पण चिन्हं निवडली ती आस्की आणि एबसिडिक दोन्हींत शाबूत राहणारी : मोठी आणि लहान इंग्रजी अक्षरं, दहा आकडे, अधिकची खूण आणि तिरकी रेघ. बरोबर चौसष्ट. किंमत म्हणून फाईल तिपटीची चौपट होते, वर ओळी तोडण्याचा खर्च, म्हणजे शंभराचे साधारण १३७. भारतात व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हाच्या ९६०० बिटच्या मोडेमवर १०० केबीचा फोटो उतरायला या शिवणीसकट दोन मिनिटं तरी जात, तीही फोनचं मीटर चालू असताना. आजही ती किंमत आपण मोजतो. टपाल गुंडाळल्यावर मोजून २५ एमबीची मर्यादा लावली तर मूळ फाईल अठरा एमबीच्या आसपासच असायला हवी.

आणि गाठोड्यावर काय लिहिलं? तर लेबल. 'कंटेंट-टाइप'. सुरुवातीला मालाचे सात प्रकार ठरवले : मजकूर, चित्र, आवाज, चलच्चित्र, प्रोग्रामसाठीची माहिती, पत्रात पत्र, आणि अनेक भागांचं गाठोडं. हीच लेबलं पुढे वेबने उचलली. मजकुराच्या लेबलावर आणखी एक रकाना होता, 'कॅरॅक्टर सेट', म्हणजे ही अक्षरं कुठल्या लिपीसंचातली. इतिहास सांगताना सगळे गाण्याची आणि फोटोची गोष्ट सांगतात, या रकान्याकडे फार कुणी बघत नाही. मला विचाराल तर आपल्यासाठी माईममधली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. देवनागरीला ईमेलमध्ये शिरायला जे दार लागणार होतं ते हे. त्याच १९९२ सालच्या सप्टेंबरात केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी, तेही न्यू जर्सीतच, एका उपाहारगृहातल्या कागदी चटईवर यूटीएफ-८ ची आखणी केली. दार आणि त्यातून आत येणारा पाहुणा, दोघे एकाच वर्षी एकाच राज्यात!

एक मौज बघा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. आणि बेस-६४ तीन बाइटांची चार अक्षरं करतं. म्हणजे आपलं एक चिन्ह बरोबर चार इंग्रजी अक्षरांत बसतं, ना कमी ना जास्त. 'क' होतो 'चार, के, एस, व्ही'. शिवाय देवनागरीचे पहिले दोन बाइट जवळजवळ सारखेच असल्यामुळे नुसत्या मराठी शब्दात दर चार अक्षरांनी 'चार-के-एस' किंवा 'चार-के-डब्ल्यू' पुन्हा पुन्हा येत राहतं. पुढे कधी जीमेलमध्ये 'मूळ संदेश दाखवा' म्हणून बघा, मराठी पत्र न उसवताही मराठी म्हणून ओळखता येतं. 'नमस्कार' म्हणजे सात चिन्हं, २१ बाइट, २८ अक्षरं. माईममध्ये दुसरीही एक शिवण आहे, 'कोटेड-प्रिंटेबल'. इंग्रजी मजकूर तिच्यात जवळपास जसाच्या तसा वाचता येतो. पण मराठीच्या एका चिन्हाची तिथे नऊ अक्षरं होतात आणि 'नमस्कार'ची ६३. युरोपातल्या एखाददुसऱ्या आघातचिन्हासाठी बेतलेला सदरा आपल्याला असा घट्ट होतो.

आता वहिनींचं 'तिसरं नको'. रिच टेक्स्ट हा कचेरीच्या आतला फॉरमॅट. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज-आउटलुक घराण्यात पत्र म्हणजे अक्षरांची ओळ नव्हे, तर गुणधर्मांचं कपाट : अक्षराचा रंग, फाईलचं चित्र मजकुरात नेमकं कुठे, मत द्यायची बटणं, बैठकीचं निमंत्रण. एका इमारतीत हे उत्तम चालतं. इमारतीबाहेर पाठवताना ते कपाट टीएनईएफ नावाच्या एका पेटीत बंद होतं, पेटीचं नाव 'विनमेल डॉट डॅट', आणि जोडलेल्या फाईलीही त्याच पेटीत. पेटीवर माईमचं लेबल असतं, ते खरंही असतं. पण ते वाचून पेटी उघडणारा प्रोग्राम पलीकडे नसेल तर वकिलांना दिसेल साधा मजकूर आणि एक न उघडणारी फाईल. हल्ली बाहेरच्या पत्त्यावर जाताना आउटलुक आपणहून एचटीएमएल करून देतं. पण ते सेटिंग कुणी बदललेलं असलं की विनमेल अजूनही उगवतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की साधा मजकूर सगळ्यात सुरक्षित. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग आमच्या काकांची पत्रं बाहेर काढली.

काका परदेशी होते आणि २००० ते २००४ च्या दरम्यान घरी मराठीतून ईमेल लिहायचे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती आली विंडोज २००० पासून, आणि घरोघरी पोचायला आणखी काही वर्षं गेली. तोवरचं मराठी टायपिंग म्हणजे फॉन्टची जादू. इंग्रजी अक्षराच्या जागी 'क'चं चित्र बसवलेला फॉन्ट. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच, डोळ्यांना मराठी. तुमच्याकडे तोच फॉन्ट नसेल तर कागदावर मुंग्या पळाल्यासारखं काहीतरी दिसायचं, म्हणून लोक पत्रासोबत फॉन्टही जोडून पाठवत. काका गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पत्रांची पेटी मी जुन्या डिस्कवरून उतरवून घेतली तेव्हा एकाच माणसाची पत्रं चार तऱ्हांनी शिल्लक असल्याचं दिसलं.

जोडलेले फोटो सगळे उघडले. लेबलावर चित्र म्हटलं होतं आणि आत चित्रच होतं. काही पत्रं त्यांनी पीडीएफ करून जोडली होती, तीही छान दिसतात, कारण फॉन्ट पीडीएफच्या पोटातच आहे. फक्त त्यातला मजकूर कॉपी केला की पुन्हा मुंग्या. एचटीएमएलमध्ये लिहिलेली पत्रं आज उघडली तर निव्वळ निरर्थक रोमन अक्षरं दिसतात, कारण लेबलावर लिहिलंय 'लॅटिन-१', आणि प्रोग्राम बिचारा लेबलावर विश्वास ठेवतो. पण एचटीएमएलच्या खुणांमध्ये फॉन्टचं नाव टिकून राहिलंय. नाव कळलं की कुठल्या अक्षराच्या जागी कुठलं चित्र होतं याचा तक्ता करता येतो आणि पत्र युनिकोडमध्ये आणता येतं. राहिली साध्या मजकुराची पत्रं. साध्या मजकुरात फॉन्टचं नाव लिहायला जागाच नाही. सात बिटांच्या जुन्या वाटेवरून कुठेही न सांडता, एकही अक्षर न गमावता ती पोचली आहेत, आणि ती कुठल्या फॉन्टात वाचायची हे सांगणारं कुणी उरलेलं नाही.

काका दोन-तीन वेगवेगळे फॉन्ट वापरत. तेव्हा एकेक तक्ता लावून बघायचा, 'आशीर्वाद' किंवा 'सौ.' असा पत्रात हमखास येणारा शब्द सापडतो का ते पाहायचं. पहिली वेलांटी सगळीकडे आडवी येते, कारण त्या फॉन्टांत ती दिसते तशी, अक्षराच्या आधी टाईप केलेली असते आणि युनिकोडमध्ये ती नंतर ठेवावी लागते. रफार उलट्या बाजूने त्रास देतो. आतापर्यंत एचटीएमएलमधली सगळी पत्रं देवनागरीत आली आहेत. साध्या मजकुरातल्या पाच पत्रांपैकी दोन सुटली. तिसऱ्यात 'पावसाळा' आणि 'गच्ची' एवढे दोन शब्द लागले आहेत, आणि मधे एक आकडा आहे, तो बहुधा दूधवाल्याच्या हिशेबाचा.